रिफर्बिश्ड लॅपटॉप आणि फोन ऑनलाइन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडला लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला बारा वर्षं झाली. जून-जुलैत इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की आई-वडील मोबाइलवर एखादा फोटो दाखवतात आणि विचारतात, "दादा, हा घेऊ का?" फोटोत चकचकीत लॅपटॉप, खाली लाल रेघ मारलेली मोठी किंमत आणि तिच्याखाली लहान किंमत असते. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा भर लॅपटॉपवर आहे, कारण त्यातलं मला जास्त कळतं. फोनबद्दलही पुढे लिहिलं आहे.

रिफर्बिश्ड आणि सेकंडहँड यात फरक काय?

सेकंडहँड म्हणजे एकाने वापरलं आणि दुसऱ्याला विकलं. मधे कुणी ते उघडून पाहिलेलं नसतं. रिफर्बिश्डमध्ये मधे एक तंत्रज्ञ असायला हवा. त्याने वस्तू तपासायची, बिघडलेला भाग बदलायचा, आधीच्या मालकाचा डेटा पुसायचा, सिस्टम नव्याने टाकायची आणि या सगळ्याची जबाबदारी म्हणून विक्रेत्याने स्वतःची वॉरंटी द्यायची. "असायला हवा" असं मुद्दाम लिहितो आहे. फडक्याने पुसून, वर नवं स्टिकर चिकटवून त्यालाही रिफर्बिश्ड म्हणणारे आहेत.

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार रिफर्बिशरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ही नोंदणी आहे का, हे विक्रेत्याला ईमेलवर विचारायला काहीच हरकत नाही. उत्तर कसं येतं यावरूनही पुष्कळ कळतं.

"ओपन बॉक्स" हा प्रकार वेगळा. तिथे वस्तू बहुधा ग्राहकाने परत केलेली आणि फारच थोडी वापरलेली असते. "सर्टिफाइड" वाचलंत तर कुणी सर्टिफाय केलं ते शोधा. कंपनीने केलं असेल तर वजन आहे, विक्रेत्याने स्वतःच केलं असेल तर तो नुसता एक शब्द आहे.

हे एवढे लॅपटॉप येतात तरी कुठून?

मोठ्या कंपन्या, बँका आणि आयटीवाले शेकड्याने लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाडेकरारावर. तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळा लॉट एकदम बाहेर पडतो. हिंजवडी, ऐरोली, बेंगळुरू, गुरुग्राम इथल्या ऑफिसांतून निघालेला असा माल घाऊक व्यापाऱ्यांकडे जातो आणि तिथून ऑनलाइन विक्रेत्यांकडे. काही माल परदेशातूनही येतो.

म्हणूनच या बाजारात लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक इतके दिसतात. हे खास ऑफिसांसाठी बनवलेले लॅपटॉप आहेत. बिजागऱ्या भक्कम, कीबोर्ड चांगला, आणि खालची बाजू स्क्रूवर उघडणारी. कोणता भाग कसा काढायचा याची पूर्ण पुस्तिका कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेली असते. माझ्या टेबलावर २०१८ चा थिंकपॅड टी४८० येतो तेव्हा मला हायसं वाटतं. खालचे सहा स्क्रू सैल केले की ते कव्हरलाच अडकून राहतात, हरवत नाहीत. कव्हर निघालं की समोर रॅमच्या (चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या) दोन खाचा, एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), पंखा, सगळं हाताला येतं. बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. याउलट घरगुती वापरासाठी काढलेल्या स्वस्त नव्या लॅपटॉपची बिजागरी दोन वर्षांत प्लास्टिकमधून उखडून आलेली मी दर महिन्याला पाहतो.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: निगुतीने निवडलेला जुना ऑफिस लॅपटॉप हा सगळ्यात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा मुलांना जास्त वर्षं साथ देतो. जुना घेतला म्हणून कुणी मनात कमीपणा आणू नये.

एक खबरदारी मात्र घ्या. परदेशातून आलेल्या मालात कीबोर्ड जर्मन, फ्रेंच किंवा अरबी असू शकतो. मग विक्रेता त्यावर इंग्रजी अक्षरांची स्टिकरं लावतो, आणि सहा महिन्यांत घामाने ती निघतात. फोटोत एंटरची कळ उलट्या एल आकाराची, उभी दिसली तर विचारून घ्या.

"ग्रेड ए", "सुपर्ब", "गुड" यांचा अर्थ काय?

ग्रेड बाहेरच्या दिसण्याचा असतो: ओरखडे, पोचे, झाकणावरचे डाग. बॅटरी किती उरली आहे, पंखा किती धूळ खाऊन बसला आहे, एसएसडी कोणत्या कंपनीची आहे, यातलं काहीही ग्रेडमध्ये येत नाही. शिवाय प्रत्येक विक्रेत्याचा ग्रेड त्याचा स्वतःचा. सगळ्यांनी पाळायचं असं एकच मोजमाप नाही.

म्हणून मी नेहमी मधला ग्रेड घ्यायला सांगतो. झाकणावर ओरखडा असलेला लॅपटॉप घ्या आणि वाचलेल्या पैशांतून नवी बॅटरी किंवा जास्तीची रॅम टाका.

किती जुना चालेल? "आय ५" आहे म्हणजे चांगलाच ना?

नुसत्या "आय ५" वर जाऊ नका, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आय ५ चे प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचे मेंदू, इंटेल कंपनी २००९ पासून काढत आली आहे. पुढचा आकडा पाहायचा असतो. आय५-७२००यू असेल तर ७ म्हणजे सातवी पिढी. आय५-८३५०यू म्हणजे आठवी. आय५-११३५जी७ असेल तर सुरुवातीचे ११, म्हणजे अकरावी.

सातवी आणि आठवी यांत फक्त एका वर्षाचं अंतर वाटतं, पण लॅपटॉपमध्ये फरक मोठा आहे. सातव्या पिढीच्या यू मालिकेतल्या (नंबरच्या शेवटी यू असलेल्या) आय ५ ला दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन भाग, होते, आठवीत ते चार झाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विंडोज ११ ची अधिकृत हद्द आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात स्वस्त झाला आहे, आणि काही विक्रेते त्यावर आडवाटेने विंडोज ११ टाकून तो विकत आहेत. आज चालतो, पण पुढचं मोठं अपडेट येईलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणून अट ठेवा: इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी असेल तर रायझन ३००० मालिका किंवा पुढची. जाहिरातीत पूर्ण मॉडेल नंबर दिलेला नसेल तर पान बंद करा. घरात जुना सातव्या पिढीचा लॅपटॉप आधीपासूनच असेल तर तो टाकून देऊ नका. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टम टाकून दिली की टायपिंग, यूट्यूब, प्रोग्रॅमिंग शिकणं सगळं निभतं.

ॲपलचा विचार करत असाल तर इंटेलवाला मॅकबुक आता घेऊ नका. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरपासून पुढचं पाहा. त्यातली रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून जेवढी लागेल तेवढी आधीच घ्या.

रॅम आणि एसएसडी किती असावी?

आज ८ जीबी रॅम ही किमान, आणि इंजिनिअरिंगसाठी १६ जीबी. एसएसडी २५६ जीबीच्या खाली नको. हार्ड डिस्कवाला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

रॅम नंतर वाढवायची असेल तर मॉडेल पाहून घ्या. टी४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ यांना रॅमच्या दोन खाचा आहेत. थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये सगळी रॅम बोर्डावर (आतल्या मुख्य सर्किटवर) डाख दिलेली, जी आहे ती आहे.

स्क्रीनही बघा. अशा काही मॉडेलांमध्ये कंपन्यांनी स्वस्त १३६६ बाय ७६८ चा पडदाही दिला होता. तो फिका असतो आणि बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसतात. १९२० बाय १०८०, आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा पडदा), असं लिहिलेलंच घ्या. दिवसभर कोड किंवा ड्रॉइंग पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

किंमत बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

लाल रेघ मारलेली किंमत विसरून जा. ती सात-आठ वर्षांपूर्वीच्या नव्या लॅपटॉपची आहे. तुलना करायची ती आज मिळणाऱ्या साध्या नव्या लॅपटॉपशी, म्हणजे आय ३ किंवा रायझन ३ वाल्याशी. आठव्या पिढीचा ऑफिस लॅपटॉप त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल तर रास्त. दोन-तृतीयांशावर गेला तर थोडे पैसे घालून नवाच घ्या. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. बॅटरीसाठी दोन-चार हजार बाजूला ठेवायला विसरू नका.

विक्रेता खरा आहे का, हे घरबसल्या कसं कळणार?

मोठ्या साइटवर घेत असलात तरी विकणारा बहुतेकदा कुणी वेगळाच असतो. त्याच्या नावावर टिचकी मारा. पूर्ण पत्ता, जीएसटी क्रमांक, परतीची मुदत आणि वॉरंटी कोण देणार, हे चार मजकूर वाचा. मग अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोडा, दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचा. तिथे लोक खरं लिहितात: बॅटरी तासभर चालली, चार्जर दुसराच आला, परत घ्यायला आठ दिवस लावले.

माझ्या दृष्टीने या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परतीची मुदत. जुन्या वस्तूच्या पोटात काय आहे हे फोटोवरून मलाही सांगता येत नाही. हातात आल्यावर तपासायला दहा दिवस देणारा विक्रेता आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" म्हणणारा विक्रेता, यांच्यात हजार-दीड हजाराचा फरक असेल तर तो फरक आनंदाने द्या.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर "कस्टम्समध्ये अडकलेला माल", "आयफोन फक्त आठ हजार", "आधी कुरिअरचे पैसे भरा" असं आलं तर तो विक्रेता नाहीच. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

खोकं घरी आलं. आता काय करू?

मुलाला लगेच गेम टाकू देऊ नका. परतीच्या मुदतीतला प्रत्येक दिवस कामाचा आहे.

डिलिव्हरीवाला समोर उघडून दाखवणार असेल तर उघडून पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नका. तसं नसेल तर खोकं फोडायच्या आधीपासून व्हिडिओ सुरू करा. सहाही बाजू, लेबल, टेप कापताना, आणि शेवटी लॅपटॉपच्या खालचा सीरियल नंबर. मधे कुठे न थांबवता एकच व्हिडिओ घ्या. बिलावरचा सीरियल नंबर आणि लॅपटॉपवरचा नंबर जुळला पाहिजे.

मग बंद लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगला, किंवा टचपॅड मधे उचललेला आणि दाबायला कडक लागला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप चार्जिंगला लावूसुद्धा नका, परत पाठवा.

चालू केल्यावर सगळ्यात आधी करायची गोष्ट बहुतेक लोक करतच नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन लॅपटॉप पूर्ण रीसेट करा आणि सेटअपच्या वेळी वायफाय जोडा. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी ढेबेवाडीकडच्या एक मावशी मुलीचा लॅपटॉप घेऊन आल्या. पिशवीत बिल होतं, दुपट्ट्यात गुंडाळलेला लॅपटॉप होता. "दादा, कालपर्यंत चालत होता, पोरीनं काहीतरी दाबलं." चालू केला तर पडद्यावर एका मोठ्या कंपनीचं नाव, तिचं बोधचिन्ह आणि खाली ऑफिसच्या ईमेलने लॉग-इन करा अशी ओळ. मुलीने हँग होतो म्हणून रीसेट केला होता. लॅपटॉप इंटरनेटला जोडल्याबरोबर तो मायक्रोसॉफ्टकडे विचारणा करून आपल्या जुन्या मालकाला शोधू लागला होता. कंपनीने यादीतून त्याचं नाव काढलंच नव्हतं, आणि विक्रेत्याने ते झाकायला इंटरनेट न जोडता सिस्टम टाकून दिली होती. घेऊन अकरा दिवस झाले होते, परतीची मुदत दहाची. विक्रेता फोनवर म्हणाला, मुदत संपली. मी मावशींकडून सगळं लेखी ईमेलने कळवून घेतलं, पडद्याचा फोटो जोडला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी पैसे परत आले. ती मुलगी तेवढे दिवस मैत्रिणीच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करत होती. हीच रीसेट पहिल्या दिवशी केली असती तर दुसऱ्या दिवशी खोकं परत गेलं असतं.

मॅकबुकवरही असंच कंपनीचं किंवा जुन्या ॲपल खात्याचं कुलूप निघतं. तिथेही हाच उपाय. लॅपटॉप सुरू होताना, विंडोजच्याही आधी, बायोस पासवर्ड (बोर्डातच घातलेलं कुलूप) मागत असेल तर तोही परत.

त्यानंतर एकेक करून तपासा. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो पडद्यावर लावून अंधाऱ्या खोलीत डाग बघा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला. कॅमेरा आणि माइक तपासायला घरातल्या कुणाला तरी अर्धा तास व्हिडिओ कॉल करा, चार्जर लावून. तेवढ्यात लॅपटॉप तव्यासारखा तापला किंवा आपोआप बंद पडला तर आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली आहे किंवा पंखा तुंबलेला आहे. झाकण हळूहळू उघडझाप करा. कुठल्या कोनात पडदा लुकलुकला तर केबल दबलेली आहे.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात किती तास चालली आणि तब्येत किती टक्के, दोन्ही दिसतं. ऑफिसमध्ये रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, चार वर्षं धरली तर आठ हजार तास होतात. त्याच्या आसपासचा आकडा पाहून घाबरू नका. तास अगदीच शंभर-दोनशे असतील तर एसएसडी नंतर बदललेली आहे. मग ती कोणत्या कंपनीची आहे ते पाहा. नाव कधी ऐकलेलंच नसेल तर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवा.

बॅटरी किती चांगली असावी?

विंडोजमध्ये याचा पुरावा आतच असतो. कमांड प्रॉम्प्ट (लिहून आज्ञा द्यायची काळी खिडकी) उघडा आणि इंग्रजी लिपीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करून एंटर करा. ती एक फाइल तयार करते. त्यात दोन आकडे शोधा: बॅटरी बनवताना तिची क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर किती भरते. ५०,००० ची बॅटरी ३५,००० भरत असेल तर ७० टक्के उरली. ऑफिस लॅपटॉपसाठी हे ठीक आहे. निम्म्याच्या खाली असेल तर विक्रेत्याकडे बॅटरी बदलून मागा. न वापरलेल्यासारखी शंभर टक्के दाखवत असेल तर बहुधा बदललेली, कंपनीची नसलेली बॅटरी असते. मग अहवालावर विसंबू नका. पूर्ण चार्ज करून, प्लग काढून, घड्याळ लावून चालवून पाहा.

चार्जर दुसऱ्याच कंपनीचा आला. चालेल का?

व्होल्ट आणि वॅट जुळत असतील तर चालेल, पण त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर वापरू नका. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं, लाइट जाते-येते, आणि अशा बिनओळखीच्या चार्जरमुळे जळलेले बोर्ड माझ्याकडे पावसाळ्यात येतात. बोर्डाची दुरुस्ती चार्जरच्या कितीतरी पट महाग पडते.

"विंडोज आणि ऑफिस फ्री" लिहिलंय. खरं असतं का?

विंडोजचं खरं असू शकतं, कारण या लॅपटॉपचं मूळ लायसन्स पुष्कळदा बोर्डातच साठवलेलं असतं. ऑफिसचं सहसा खोटं असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, जागा सोडून तिरकी रेघ, मग एक्सपीआर टाइप करा, तेही इंग्रजी लिपीत. कायमचं सक्रिय आहे असं आलं तर बहुधा ठीक. पुढच्या सहा महिन्यांतली कुठली तरी तारीख दाखवली तर ते कंपन्यांसाठीच्या पद्धतीची नक्कल करून चालू केलेलं आहे. अशा मोफत की टाकणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर आणखी काय आत आलं असेल याचा भरवसा नाही. नेट बँकिंग करणार असाल तर पूर्ण नव्याने विंडोज टाकून घ्या.

फोनचं काय? तिथे काय वेगळं पाहायचं?

फोनला पहिला प्रश्न: चोरीचा तर नाही? *#०६# डायल करा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमचा फोन असेल तर दोन. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग इंग्रजीत केवायएम, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, यांतलं काहीही उत्तर आलं तर फोन घेऊ नका, आलेला असेल तर परत करा. शक्य असेल तर विक्रेत्याकडून आयएमईआय पैसे देण्याआधीच मागून घ्या.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा. मॉडेल नंबर एम ने सुरू होत असेल तर तो दुकानात नवा विकलेला फोन, एफ असेल तर ॲपलने स्वतः रिफर्बिश केलेला, एन असेल तर तक्रारीत बदलून दिलेला. त्याच पानावर कोणता भाग बदलला आहे आणि तो अस्सल आहे का, हेही नव्या मॉडेलांत दिसतं. अमेरिकेतून आलेल्या आयफोन १४ आणि पुढच्या फोनला सिमची खाचच नसते, फक्त ई-सिम (फोनमध्येच असलेलं, कार्ड नसलेलं सिम) चालतं. खेड्यात दुकानदाराकडून सिम घालून घेणाऱ्या वडिलांसाठी असा फोन घेऊ नका.

किती वर्षांची अपडेटं उरली आहेत तेही मोजा. आयओएस २६ ला किमान आयफोन ११ लागतो, एक्सआर आणि एक्सएस मागे पडले. अँड्रॉइडमध्ये गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. त्यामुळे दोन वर्षं वापरलेला असा फोनही अजून बराच काळ सुरक्षित राहतो. बँकेचं ॲप ज्या फोनवर चालवायचं, त्याला हे बघणं चुकवू नका.

पाण्यात पडलेला फोन ओळखायला सिमचा ट्रे काढून टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये आत पांढरी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते.

फोन चोरीचा निघाला तर मी अडकेन का?

चोरीचा माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुम्ही रीतसर बिल घेऊन, बँकेतून पैसे देऊन घेतला असेल तर ती कागदपत्रंच तुमची बाजू मांडतात. म्हणून बिल पाच वर्षं जपून ठेवा. फोन मात्र जाईल. बिल नाही म्हणून पाचशे रुपये कमी करतो म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

बिलावर जीएसटी वेगळा दिसत नाही. फसवलं का?

तसं असेलच असं नाही. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला काही अटींवर खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरायची मुभा आहे, आणि मग तो बिलात वेगळा दाखवत नाही. तुम्ही धंद्यासाठी घेत असाल आणि कराचं क्रेडिट हवं असेल तर आधीच विचारा. घरच्या वापरासाठी काही फरक पडत नाही.

विक्रेता ऐकत नाही. कुठे जाऊ?

आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. फोनवर बोलणं पुरेसं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. त्याच नियमांत हेही आहे की सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे "परती नाही" असं पानावर लिहिलं म्हणून १६ जीबी सांगून ८ जीबी पाठवायची मोकळीक त्याला मिळत नाही.

त्याने दाद दिली नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली फार मोठी सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. मावशींच्या वेळी मी हे सगळं ईमेलमध्ये एका परिच्छेदात लिहून दिलं होतं.

रिफर्बिश्डमध्ये काय घेऊच नये?

कानात घालायचे इअरबड आणि पॉवर बँक. एकात स्वच्छतेचा आणि बारीक बॅटरीचा प्रश्न, दुसऱ्यात नुसतीच जुनी बॅटरी. मोठा टीव्ही कुरिअरने मागवू नका. इंकजेट प्रिंटर पडून राहिला की त्याचं हेड सुकतं, तोही नको. मॉनिटर मात्र अवश्य घ्या, त्यात झिजण्यासारखं फार कमी असतं.

त्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या बाजारात जाऊन घेतलेला बरा नाही का?

पारखणारा माणूस बरोबर असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला जा. तिथे हाताळून, चालू करून, बॅटरीचा अहवाल काउंटरवरच काढून घेता येतो आणि भावही थोडा उतरतो. पण तिथल्या बऱ्याच छोट्या दुकानांत वॉरंटी म्हणजे कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेली तारीख, आणि बिघडला की पुन्हा एसटीने मुंबई. कराड-पाटणच्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून आमच्याकडच्या लोकांना मी ऑनलाइनच सुचवतो, दहा दिवसांची परती आणि किमान सहा महिन्यांची वॉरंटी बघून. खोकं आलं की दुसऱ्या दिवशी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि वर लिहिलेल्या तपासण्या त्याच्यासमोर करा. माझ्याकडे आणलात तर साधारण चाळीस मिनिटं लागतात. येताना चार्जर आणि बिल आठवणीने आणा.